जानेवारीत मॉस, एप्रिलमध्ये गवत : मँचेस्टरच्या एका उत्तराभिमुख लॉनचं प्रकरण

जानेवारीचा तिसरा आठवडा. मँचेस्टरच्या दक्षिणेकडचं उपनगर, दोन घरं बाजूच्या एकाच सामाईक भिंतीने जोडलेली, त्यांतल्या एका घराची मागची बाग. घराचं तोंड दक्षिणेला, म्हणून बाग उत्तरेला. मागच्या भिंतीला लागून ३ मीटर फरसबंदी, त्यापुढे ९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद लॉन. पाय टाकला की ते स्पंजासारखं दबतं. खिडकीतून हिरवंगार दिसतं, पण वाकून पाहिलं तर निम्म्याहून जास्त हिरवं गवताचं नसून मॉसचं आहे. गॅरेजमध्ये एक पोतं आणून ठेवलेलं आहे: खत, तणनाशक आणि मॉसनाशक एकत्र. शनिवारी ऊन पडलं की टाकून मोकळं व्हायचं, असा घरच्यांचा बेत आहे.

हे लॉन कुणा एका कुटुंबाचं नाही. त्या भागात अशा बागा इतक्या घरांमागे आहेत की मापं ठरवून एक नमुना उभा करता येतो, आणि इथे तेच केलं आहे. प्रश्न एवढाच: शनिवारी पोतं फोडायचं का? फोडायचं नाही. मार्चअखेरपर्यंत थांबायचं, आणि हे पोतं तर तेव्हाही वापरायचं नाही.

शेवाळ आणि मॉस

मराठीत ओलसर जागी जे जे हिरवं उगवतं त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर धरतं ते निसरडं शेवाळ बहुधा शैवाल असतं, म्हणजे पेशींचा नुसता थर. लॉनमधलं मॉस ही वेगळी गोष्ट आहे. तिला बारीक दांडे असतात, पानं असतात, पण मुळं नसतात. पाणी आणि क्षार ती थेट पानांतून घेते, आणि ही पानं बहुतेक ठिकाणी एकाच पेशीइतकी जाड असतात.

हा फरक नुसता नावाचा नाही. इकडच्या मराठी घरांत गावाकडची सवय म्हणून ब्लीचिंग पावडर किंवा चुना हातात घेतला जातो. फरशीवर ब्लीचिंग पावडर चालते, लॉनवर ती गवतही जाळते. चुन्याचं पुढे येईलच. व्हिनेगर, भांड्यांचा साबण, खायचा सोडा हे उपायही गवत आणि मॉस यांत भरवशाने भेद करत नाहीत.

भेद करतं ते आयर्न सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस. चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग लोहाअभावी पिवळा पडतो, केवडा पडला असं आपण म्हणतो, तेव्हा ज्याची फवारणी करतात तेच हे. गवताच्या पानावर मेणचट आवरण असतं आणि त्याची भूक मुळांतून भागते, म्हणून बेताच्या मात्रेत लोह त्याला सोसतं, उलट रंग गडद होतो. मॉसच्या उघड्या पानात तेच द्रावण थेट शिरतं आणि पेशी जळून काळ्या पडतात. मातीत पोचलेल्या लोहाचं हवेशी आणि मातीतल्या चुन्याशी संयोग होऊन न विरघळणारं रूप तयार होतं, म्हणून मॉसवरचा त्याचा परिणाम पानावर पडेल तेवढाच आणि तेव्हापुरताच असतो. हिराकस आज आहे ते मॉस मारतं, उद्या येणारं मॉस थांबवत नाही.

निदान: आधी सावली मोजायची

मँचेस्टर ५३.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो आणि दिवस साडेसात तासांचा असतो. घराच्या छताची कड ५ मीटर उंच धरा, आणि तिच्यामागे ४ मीटरवर असलेलं आढं ८ मीटर. त्या दिवशी दुपारी या घराची सावली मागच्या भिंतीपासून ३० मीटर लांब पडते. लॉन संपतं १२ मीटरवर.

हाच हिशेब वर्षभर पुढे नेला की प्रकरणाची गुरुकिल्ली हाती येते. साधारण २० ऑक्टोबरपासून २२ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे सलग चार महिने, दुपारचं ऊन या लॉनच्या कुठल्याही टोकाला लागत नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते पहिल्यांदा दूरच्या कुंपणाशी उतरतं. २१ मार्चला सावली भिंतीपासून ६.८ मीटरवर येते, म्हणजे लॉनचे घराकडचे ३.८ मीटर अजून छायेत. एप्रिलच्या मध्यावर फक्त १.८ मीटर छायेत उरतात आणि मेच्या मध्यावर जेमतेम अर्धा मीटर.

घर नेमकं दक्षिणेला नसेल तर आकडे थोडे सरकतील. पण कागदावर अर्धा तास घालवून हा हिशेब केल्याशिवाय बाजारातून काहीही आणू नये, असं आमचं ठाम मत आहे. फवारणीच्या मात्रेइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे ही.

सावलीनंतर माती. पेचकस जमिनीत दाबून पाहायचा. या लॉनमध्ये तो वरच्या ६ ते ८ सेंटिमीटरना अडखळतो आणि मग सरकतो: वरचा थर तुडवून घट्ट झालेला, खाली चिकणमाती. ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाणी भरलं तर सकाळपर्यंत ते उतरतं, पण हळू. सकाळीही खड्डा तुडुंब असता तर निचऱ्याची नळी घालण्याचा विचार करावा लागला असता. इथे तो लागत नाही.

मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५.८ आहे. गवताला हा चालतो. ५.५ च्या खाली गेला तरच चुनखडीची भुकटी द्यायची, तीही चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या वर नाही आणि हिवाळ्यात. मॉस दिसलं की जमीन आंबट आहे असं समजून चुना टाकायची पद्धत इंग्लंडमध्येही आहे. सामू न मोजता टाकलेल्या चुन्याने मॉस जात नाही, आणि हिराकसाच्या आगेमागे टाकला तर तो लोहाला निकामी करतो.

राहिलं मॉस कोणतं ते. एक बोटभर उपटून पाहायचं. इथलं लांब, फिकट हिरवं, लवचीक आणि ताऱ्यासारख्या शेंड्याचं आहे: ऱ्हायटिडिआडेल्फस स्क्वारोसस, ब्रिटनच्या ओल्या लॉनमध्ये नेहमी सापडणारं. ते सावली, ओल आणि दुबळं गवत सांगतं. त्याऐवजी ताठ, गडद, छोट्या देवदारासारखं पॉलिट्रिकम निघालं असतं तर जमीन कोरडी आणि आम्लधर्मी असल्याचा संशय घेऊन वेगळ्या वाटेने जावं लागलं असतं.

जानेवारीत का नाही

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. आपल्याकडे थंडी हा बागेचा हंगाम. शेवंती, झेंडू, भाजीपाला सगळं बहरात असतं आणि हात चालत राहतात. इथे उलटं आहे. इंग्लिश लॉनमधलं रायग्रास आणि फेस्क्यू मातीचं तापमान ५ ते ६ अंशांच्या खाली गेलं की वाढ जवळपास थांबवतात. मॉस मात्र शून्याच्या आसपासही, ढगाळ उजेडातही अन्न तयार करत राहतं. हे चार महिने त्याच्या हक्काचे.

शनिवारी औषध टाकलं आणि ते लागू पडलं असं धरू. निम्मं लॉन काळं पडेल. ते काढलं तर २५ ते ३० चौरस मीटर उघडी, ओली चिकणमाती उरेल. तिथे पसरायला गवत जागं नाही, आणि बी टाकलं तर ८ ते १० अंशांखालच्या मातीत रायग्राससुद्धा नीट उगवत नाही. दोन महिने ती जागा रिकामी राहील, पाऊस तिला आणखी चोपून घट्ट करेल, आणि तिथे सर्वांत आधी येईल ते मॉसच, कारण त्याचे बीजाणू आणि तुकडे सगळीकडे आहेत. मॉस मारण्याची वेळ मॉसवरून ठरत नाही. ते रिकामी करेल ती जागा भरायला गवत कधी तयार आहे, यावरून ती ठरते.

दुसरं कारण पोत्यातलं खत. त्यात नत्र आहे. थंडीत नत्र मिळालं आणि मध्ये चार दिवस ऊब आली, की गवत कोवळी, पाणीदार पानं काढतं. मायक्रोडोकियम निवाले नावाच्या बुरशीला हेच हवं असतं. गोल, तपकिरी, कडेला चिकट पांढुरक्या धाग्यांचे डाग पडतात, आणि वर बर्फ साचलं तर त्याखाली ते पसरतात. म्हणून जास्त नत्राचं खत सप्टेंबरनंतर थेट वसंतात.

तिसरं कारण पोत्यातलं तणनाशक. रुंद पानांच्या तणांवरची ही औषधं तण वाढत असतानाच लागू पडतात. शिवाय अशी मिश्रणं टाकल्यावर बी पेरायला लेबलं साधारण सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात. ज्या लॉनचं निम्मं अंग नव्याने पेरायचं आहे तिथे हा खोळंबा परवडत नाही. हे पोतं या कामासाठी चुकीचं आहे ते यामुळे. पुढच्या वर्षी, गवत दाट झाल्यावर, मेमध्ये ते चालू शकेल.

आणि दहिवर, म्हणजे गोठलेलं दव. गोठलेल्या गवतावर पाऊल पडलं की पानातल्या पेशी फुटतात. दुपारपर्यंत काही दिसत नाही, दोन दिवसांनी पावलांचे तपकिरी ठसे उमटतात आणि ते मार्चपर्यंत राहतात. औषध टाकण्यासाठी लॉनभर फिरणं म्हणजे असे शेकडो ठसे.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. गोल्फ आणि क्रिकेटच्या मैदानांवर हिवाळ्यात नुसतं लोह, नत्राशिवाय, दिलं जातं. त्याने मॉस दबतं, गवत कणखर होतं आणि बुरशीलाही थोडा आळा बसतो. घरच्या लॉनमध्ये मॉस पाचव्या हिश्श्याहून कमी आणि विखुरलेलं असेल, जमीन पाण्याने डबडबलेली नसेल आणि ६ ते १० अंशांचे दोन-तीन कोरडे दिवस मिळत असतील, तर फेब्रुवारीत नुसतं हिराकस देण्यात गैर नाही. मेलेल्या मॉसच्या जागा तळहाताएवढ्याच असतात, बाजूचं गवत त्या भरून काढतं. आपल्या प्रकरणात मॉस निम्म्यावर आहे, म्हणून हा मार्ग बंद.

फेब्रुवारीपर्यंतची कामं

औषध नाही म्हणजे काम नाही असं नव्हे. पडलेली पानं दहिवर नसलेल्या दिवशी उचलायची, कारण त्यांच्याखाली गवत मरतं आणि मॉस टिकतं. कुंपणालगतची झुडपं छाटायची. गवत कापण्याच्या मशीनचं पातं धार लावायला द्यायचं. मार्चमध्ये तिथे रांग असते. साध्या माती-थर्मामीटरवर ५ सेंटिमीटर खोलीचं तापमान सकाळी ९ च्या सुमारास पाहायला सुरुवात करायची. बागेत ये-जा करण्याची एकच वाट ठरवायची आणि तिथे फळी टाकायची.

आणि एक निर्णय घ्यायचा. घराकडच्या पहिल्या २ मीटरवर एप्रिलच्या मध्यालाही दुपारचं ऊन पोचत नाही. तिथे दरवर्षी बी टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ती २ बाय ६ मीटरची पट्टी लॉनमधून वजा करायची. उरलं ७ बाय ६, म्हणजे ४२ चौरस मीटर. पुढची सगळी मापं त्यावर.

मार्चचा शेवटचा आठवडा: हिराकस

मार्चच्या मध्यावर कोरड्या दिवशी पहिली कापणी, ४ ते ५ सेंटिमीटर उंचीवर. एका वेळी पानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. कापल्यावर तीन-चार दिवस जाऊ द्यायचे.

मग दिवस निवडायचा. मॉस ओलसर आणि टवटवीत हवं, पण पानांवरून पाणी ओघळत नसावं. तापमान ८ ते १२ अंश, रात्री दहिवर नाही, वारा नाही, आणि द्रावण वापरणार असाल तर पुढचे २४ तास पाऊस नाही. मँचेस्टरमध्ये मार्चअखेरीस असा दिवस शोधावा लागतो. म्हणून तारीख ठरवून बसायचं नाही, दहा-बारा दिवसांची खिडकी ठेवायची.

ब्रिटनमध्ये मॉस मारण्यासाठी वापरायचं आयर्न सल्फेट कायद्याने वनस्पती-संरक्षण औषधांत मोडतं. मॉसनाशक म्हणून नोंदलेलंच उत्पादन घ्यायचं. लेबलवर एमएपीपी, म्हणजे सरकारी मान्यतेचा, नोंदणी क्रमांक असतो. मात्रा लेबलची, ऐकीव नाही, कारण उत्पादनांत लोहाचं प्रमाण फार वेगवेगळं असतं. दाणेदार मिश्रणांची मात्रा चौरस मीटरला ३५ ग्रॅमपासून लॉन सँडच्या १३५ ग्रॅमपर्यंत जाते. लॉन सँडमध्ये वाळू, हिराकस आणि अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे थोडं नत्रही. मार्चअखेर ते चालतं, पण टाकल्यावर दोन दिवसांत पाऊस आला नाही तर पाणी द्यावं लागतं.

समजा लेबल म्हणतं, चौरस मीटरला १० ग्रॅम, १ लिटर पाण्यातून. अंदाजाने झारी फिरवली की एका जागी तिप्पट आणि दुसरीकडे काहीच नाही असं होतं. म्हणून सुतळी बांधून लॉनचे १ मीटर रुंद, ६ मीटर लांब असे सात पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्टा ६ चौरस मीटर: ६० ग्रॅम पावडर, ६ लिटर पाणी. काटा लहान वजनांचा घ्यायचा आणि तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. पावडर आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग झारीत ओतायची. जितकं लागेल तितकंच बनवायचं. ठेवलेलं द्रावण काही तासांत गढूळ तांबूस होतं, लोहाचा गंज होऊन तळाशी बसतो आणि झारीचं चाळणीतोंड तुंबतं. बारीक भोकांच्या तोंडाने निम्मं द्रावण जाताना, निम्मं येताना. एकूण ४२० ग्रॅम, ४२ लिटर.

हातमोजे, जुने बूट, डोळ्यांना चष्मा. दूरच्या कुंपणाकडून सुरुवात करून घराकडे सरकायचं, म्हणजे फवारलेल्या गवतावरून चालून ओल्या बुटांनी फरसबंदीवर यावं लागणार नाही. सिमेंट आणि दगडावर या द्रावणाचे गंजाचे डाग पडतात. थेंब पडलाच तर वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचा. दाणेदार पडलं तर उलट, आधी कोरडंच झाडून घ्यायचं, मग पाणी. मुलं आणि कुत्री-मांजरं लेबल सांगेल तोवर लॉनबाहेर.

दहा ते चौदा दिवस

दोन-तीन दिवसांत मॉस तपकिरी, आठवड्याभरात काळं. गार हवेत याला दोन आठवडेही लागतात. गवत गडद हिरवं होतं. या काळात दंताळं हातात घ्यायचं नाही. अर्धवट मेलेलं मॉस ओढलं की त्याचे जिवंत तुकडे लॉनभर पसरतात आणि प्रत्येक तुकडा रुजू शकतो.

कुठे काय बिघडलं ते रंगावरून कळतं. मॉस वरून पिवळसर आणि बोटांनी उकलल्यावर आत हिरवं असेल, तर एकतर काही तासांत पाऊस पडला किंवा थर इतका जाड होता की खालपर्यंत द्रावण गेलं नाही. लेबल दुसरी फवारणी देत असेल तर सांगितलेल्या अंतराने ती करायची. घाईने दुप्पट मात्रा नाही. गवताचीच पानं पट्ट्यापट्ट्याने काळी पडली असतील तर तिथे दोन पट्टे एकमेकांवर आले. नवी पानं फुटली की दोन-तीन आठवड्यांत ते भरून येतं, मुळं सहसा शाबूत असतात. पाणी द्यायचं आणि दुसरं काही टाकायचं नाही.

पूर्ण काळं झाल्यावर तारांच्या पंजाने ओढायला सुरुवात. भाड्याने स्कॅरिफायर, म्हणजे लॉन ओरबाडून मॉस काढणारं मशीन, आणणार असाल तर पाती मातीला जेमतेम स्पर्श करतील अशी, २ ते ३ मिलिमीटरवर. वसंतात खोल ओरबाडलं तर उरलेलं गवतही मुळासकट येतं. एकदा लांबीने, एकदा तिरपं. ४२ चौरस मीटरमधून किती पोती मॉस निघतं ते पाहून बरेच लोक घाबरतात. लॉन उद्ध्वस्त दिसेल, आणि या टप्प्यावर ते तसंच दिसायला हवं.

एप्रिलचा मध्य: बी

पुस्तकी सल्ला असा की लॉन दुरुस्त करायला सप्टेंबर उत्तम: माती उबदार, पाऊस नियमित, तण कमी. बहुतेक लॉनसाठी हे बरोबर आहे. या लॉनसाठी नाही. सप्टेंबरच्या मध्यावर पेरलेल्या रोपांना २० ऑक्टोबरपर्यंत पाचच आठवडे ऊन मिळेल आणि मग चार महिने अंधार. एप्रिलमध्ये पेरलेल्यांना रोज वाढतं ऊन आणि पुढे पूर्ण सहा महिने.

माती सकाळी सलग चार-पाच दिवस ९ ते १० अंश दाखवत असेल तर पेरायचं. कॅलेंडर १५ एप्रिल म्हणत असेल आणि थर्मामीटर ७, तर थर्मामीटरचं ऐकायचं. मिश्रण सावलीसाठीचं: क्रीपिंग रेड फेस्क्यू, च्यूइंग्ज फेस्क्यू, हार्ड फेस्क्यू, आणि मुलं खेळणार असतील तर थोडं बुटकं रायग्रास. नुसतं रायग्रास लवकर उगवतं, पण सावलीत दुसऱ्या हिवाळ्यात विरळ होतं. फेस्क्यूला दोन ते तीन आठवडे लागतात, धीर धरायचा.

चौरस मीटरला २० ग्रॅमने ८४० ग्रॅम बी. निम्मं, ४२० ग्रॅम, उभं फेकायचं आणि निम्मं आडवं. दंताळ्याच्या पाठीने हलकं ओढून बी मातीला लागेल असं करायचं, पुरायचं नाही, मग पायांनी दाबायचं. इंग्लंडचा एप्रिल आपल्याला वाटतो तेवढा ओला नसतो. कोरडा पूर्वेचा वारा दोन दिवसांत वरचा सेंटिमीटर सुकवतो आणि कोंब फुटलेलं बी तिथेच मरतं. पेरणी फसते ती बहुधा अशीच, आणि दोष मात्र पक्ष्यांना दिला जातो. पाऊस नसेल त्या दिवशी बारीक झारीने पाणी, तीन आठवडे.

खत द्यायचं तर पेरणीसोबत चालणारं सौम्य. नेहमीचं जोरदार वसंती खत कोवळ्या रोपांना भाजतं, त्याला सहा आठवडे थांबवायचं. रोपं ६ ते ७ सेंटिमीटर झाली की धारदार पात्याने ५ वर पहिली कापणी. या लॉनला त्यानंतरही ४ सेंटिमीटरखाली नेऊ नये. सावलीतल्या गवताला पान जास्त लागतं, आणि गालिचासारखं आखूड कापायचा हट्ट हे अशा बागांमध्ये मॉस परत येण्याचं मोठं कारण आहे.

ऑक्टोबर: मूळ दुखण्यावर

घट्ट झालेला थर अजून तसाच आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, माती ओलसर पण चिकट नसताना, पोकळ दात्यांचं मशीन भाड्याने आणायचं. दर १० सेंटिमीटरवर १० सेंटिमीटर खोल छिद्र म्हणजे चौरस मीटरला १०० आणि इथे ४,२००. हाताने हे काम करायला निघणारे दुसऱ्या तासाला थांबतात आणि घराजवळचा सर्वांत गरजू भाग तसाच राहतो. चिकणमातीत भरीव काटे चालवले तर छिद्राच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात. पोकळ दाते माती बाहेर काढतात, म्हणून तेच हवेत.

निघालेल्या मातीच्या कांड्या झाडून घ्यायच्या आणि छिद्रांत भर घालायची: ६ भाग धारदार वाळू, ३ भाग वाळूमिश्रित पोयटा, १ भाग कुजलेल्या पानांचं खत. चौरस मीटरला २ किलोने ८४ किलो, म्हणजे २५ किलोच्या चार पिशव्यांत काम होतं. बांधकामाची मऊ वाळू नको, ती चिकणमातीत बसून आणखी घट्ट होते. झाडूने भर आत ढकलायची, गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा.

पुढच्या जानेवारीची मोजणी

वर्षभरानंतर ५० बाय ५० सेंटिमीटरची काड्यांची चौकट दहिवर नसलेल्या दिवशी दहा ठिकाणी टाकायची, दर ठिकाणी मॉसचा वाटा अंदाजायचा आणि सरासरी काढायची. पाचव्या हिश्श्याखाली आलं असेल तर मघाचा अपवाद आता लागू होतो: फेब्रुवारीत ऊबदार कोरडे दिवस मिळाले तर नुसतं हिराकस, बी नाही, ओरबाडणं नाही. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर छिद्रं झाली नाहीत, की गवत आखूड कापलं गेलं, की कुंपणाची झुडपं पुन्हा वाढली, हे आधी शोधायचं आणि मार्चअखेरपर्यंत थांबायचं. मध्ये कुठे असेल तर मार्चअखेर हिराकस आणि फक्त उघड्या पडलेल्या जागी बी.

आणि घराकडची ती २ मीटरची पट्टी. तिथे नेचे लावता येतात, ड्रायॉप्टेरिस फिलिक्स-मास हा इथला कणखर नेचा अशा सावलीत सुखाने राहतो. पुढे व्हिंका मायनर पसरू द्यावी. नाहीतर काही चपटे दगड टाकून मॉसलाच राहू द्यावं. ते बाराही महिने हिरवं असतं, कापावं लागत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये घरट्यांसाठी ब्लू टिट पक्षी त्यातलंच मॉस चोचीतून नेतात. त्या पट्टीवर हिराकस जाऊ नये म्हणून फवारणीच्या दिवशी कडेला एक फळी उभी धरावी.